पिवळ्याला लोळायचं, मग रामाला काय?

बुधवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नवी पेठेतल्या एका कापड दुकानात एकवीस मुलं एकाच वेळी आडवी झाली आणि पांढऱ्याशुभ्र गादीवर लोळू लागली.

कुणी ढकललं नव्हतं. कुणी घसरलं नव्हतं. कुणी रडतही नव्हतं. दुकानातल्या माणसानं पिवळा शालू उघडला होता, एवढंच!

सर्वांत मोठं मूल पाच वर्षं दोन महिन्यांचं, सर्वांत लहान साडेतीनचं. लोळण्याची दिशा डावीकडून उजवीकडे. आवाज शून्य. गादीवर त्या वेळी बस्ता बसला होता, म्हणजे लग्नाची कापडं घ्यायला दोन्हीकडची मिळून चौदा माणसं बसली होती. पहिलं मूल नवरदेवाच्या आजीच्या मांडीवर येऊन थडकलं, दुसरं पहिल्यावर, आणि मग यार्डात मालगाडीचे डबे जोडले जावेत तशी सगळी रांग खटाखट जोडली गेली.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बालवर्गाची शिक्षिका राजेश्वरी उभी होती. तिच्या हातात एक लांब दोरी होती. त्या दोरीच्या एकवीस गाठींना धरून एकवीस मुलं असायला हवी होती. गाठी जागेवर होत्या.

"येन्री टीचर," गल्ल्यावरून दुकानाचे मालक गुरप्पा अण्णा अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे काय चाललंय?"

अण्णांचा हळू आवाज वाईट. ते ओरडले असते तर निभावलं असतं.

प्रकरण सुरू झालं होतं अडीच आठवडे आधी, पालकसभेत. शिवूचे वडील गुरुशांत उभे राहिले आणि म्हणाले, "टीचर, आमचा शिवू काल टोमॅटोला हिरवा म्हणाला."

"कच्चा असेल हो," राजेश्वरी म्हणाली.

"सॉस होता, टीचर!"

सगळे पालक तोंड दाबून हसले. मागून कुणीतरी म्हणालं की पलीकडच्या शाळेत रंगांचे तक्ते आहेत, मुलं बोट लावून धडाधड सांगतात. आपली मात्र घरी येऊन नुसती नाचतात. हे राजेश्वरीच्या वर्मी लागलं. अक्कलकोटकडची मुलगी, आठ वर्षांचा अनुभव, आणि तिला तक्ते सांगता? ती खुर्चीवरून उठली.

"एक तक्ता नको, एक खडू नको. तीन आठवडे द्या मला! तुमची मुलं रंग डोक्यानं नाही, हातापायांनी शिकतील. झोपेतून उठवून विचारा. एक जरी चुकलं, तर मी स्वतः तुम्हाला त्या तक्त्यांच्या शाळेत नेऊन सोडते!"

टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. वाजवायची सोय नव्हती. कारण बालवर्ग भरत होता गुरप्पा अण्णांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, आणि ती खोली देताना अण्णांनी एकच अट घातली होती.

"वर उंदरं हायत, म्हणून मी कापड ठेवत न्हाय. पोरं चालतील. फक्त आवाज न्हाय पायजे. खाली बस्ता बसलेला असतोय. बस्त्यातली माणसं आधीच भांडायच्या तयारीत असत्यात. वरून धप्प झालं की सुरूच! एक आवाज आला, की खोली रिकामी. आयतु?"

"आयतु, अण्णा," राजेश्वरीही कानडीतच 'ठरलं' म्हणाली होती.

तिला दुसरा पर्यायच नव्हता. त्याआधी तिनं अकरा खोल्या पाहिल्या होत्या. एक तालमीच्या वर होती, एक बँडवाल्यांच्या शेजारी, आणि एका खोलीचा मालक म्हणाला होता की मुलं चालतील, पण चार वर्षांच्या वरची हवीत आणि समजूतदार हवीत! ही खोली गेली तर बालवर्ग गेला, हे ती रोज सकाळी जिना चढताना स्वतःला बजावत असे.

म्हणून तिनं रंगांचा खेळ काढला तो मुका खेळ. टीचरनं एक शब्द बोलायचा नाही, मुलांनी एक आवाज काढायचा नाही. टीचर फटकन एक कापड उघडणार. हिरवं असेल तर पोपट, हात पसरून उडायचं. निळं म्हणजे तळं, पोहायचं. लाल म्हणजे गाडी थांबली, जिथं आहात तिथं पुतळा. आणि पिवळं म्हणजे ऊन. उन्हात मांजर काय करतं? लोळतं! पांढरा अजून शिकवायचा होता.

कापडं कुठून आणायची, हा प्रश्नच नव्हता. दुकानातला सगळ्यांत जुना माणूस चन्नवीर रोज एक मूठभर कात्रणं आणि डागी ब्लाउजपीस वर पाठवत असे. थोडक्यात, मुलं अण्णांच्याच दुकानाच्या कापडावर, कापड झटकून उघडण्याच्या इशाऱ्यावर, अण्णांच्याच अटीमुळे मुकाट्यानं शिकत होती. हे पुढं अण्णांना समजावून सांगण्याचा राजेश्वरीनं दोनदा प्रयत्न केला. अण्णांनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं नाही.

खेळ चालला मात्र जबरदस्त! दुसऱ्या आठवड्यात गुरुशांतचा फोन आला. शिवू मंडईत टोमॅटोच्या गाडीसमोर पुतळा झाला होता. हलेना. शेवटी त्याला तसाच, आखडलेल्या हातापायांसह, स्कूटरवर आडवा घालून घरी आणावा लागला होता.

"टीचर, लाल आला हो ह्याला! आता सोडवायचं कसं?"

"हिरवं काहीतरी दाखवा."

"कोथिंबीर चालेल?"

चालली. शिवू कोथिंबीर बघून कपाटावर उडाला. राजेश्वरीला त्या रात्री फार शांत झोप लागली.

तर बुधवार. मुलं रोज अकरा पस्तीसला खाली उतरत, दोरी धरून, ओठांवर बोट ठेवून, दुकानातून मागच्या बोळातल्या नळावर शू-पाण्याला जात. त्या वेळेला दुकान रिकामं असे. त्या दिवशीचा बस्ताही खरं तर दुपारी एकचा ठरला होता. पण नवरदेवाच्या आजीनं, केम गावच्या बजाबाईंनी, पंचांग बघून घेतलं होतं आणि शालू बारा वाजून बारा मिनिटांच्या आत पसंत झाला पाहिजे, असं जाहीर केलं होतं. केमची माणसं पहिल्या गाडीनं आली. मोडनिंबची, म्हणजे नवरीकडची, जीपनं आली. दहा वाजल्यापासून गादीवर बसली. आणि दहा वाजल्यापासून तिथंच अडकली.

"आमच्या घरात सून पिवळ्यातच उंबरा वलांडती," बजाबाई म्हणाल्या. "म्या तशीच आले. माझी सून तशीच आली."

"आमच्यात लेक हिरव्यातच उभी ऱ्हाती," नवरीचे वडील कुंडलिकराव म्हणाले. "त्यात काय बोलायचं?"

बोलायचं काही नसल्यामुळं दोघांनी हीच वाक्यं आलटून पालटून चाळीस वेळा म्हटली. नवरदेव ऋतुराजनं फोनमधून डोकं वर काढून एकदा "मला कुठलाही चालेल" असं सांगून पाहिलं. दोन्ही बाजूंनी असे डोळे वटारले गेले की तो परत फोनात गेला. नवरी अंकिताला अजून कुणी विचारलं नव्हतं. ती चहाच्या रिकाम्या कपात बघत बसली होती.

अकरा एकोणचाळीसला बजाबाईंनी हात जोडले आणि डोळे मिटले. "देवा, आता तूच काय ते सांग. ह्या माणसाला माझं ऐकू येईना!"

अकरा चाळीसला चन्नवीरनं पिवळा शालू पुन्हा एकदा उघडला. चन्नवीरचं उघडणं म्हणजे साधं नव्हे. एकोणतीस वर्षांचा हात! एक टोक चिमटीत, मनगटाला एक झटका, आणि अख्खा शालू हवेत लाट होऊन बरोबर पदर गिऱ्हाइकाकडं करून उतरणार. टीचरचं कात्रण म्हणजे घरातला दिवा असेल, तर चन्नवीरचा शालू म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतली रोषणाई. जिन्यावरच्या एकवीस मुलांनी एवढं मोठं ऊन जन्मात पाहिलं नव्हतं.

पुढचं वर आलंच आहे.

बजाबाईंनी डोळे उघडले. मांडीवर एक मूल. त्याच्यामागं वीस. त्यांनी एकदा मुलांकडं पाहिलं, एकदा वर पाहिलं.

"कौल!" त्या किंचाळल्या. "कौल दिला! म्या डोळं मिटलं आन लेकरं आडवी झाली! लोटांगण घालायलीत, बघा की! पिवळ्याला लोटांगण!"

"लोटांगण कसलं, आजी?" कुंडलिकराव उठून उभे राहिले. "पोरं लोळत्यात ती हट्टानं लोळत्यात. नको म्हणायलीत पिवळा!"

"एक तरी रडतंय का त्यातलं?"

कुंडलिकरावांनी वाकून तपासलं. एकही रडत नव्हतं. शिवू तर डोळे मिटून आपला पंजा चाटत होता.

राजेश्वरी पुढं झाली. "आजी, हा खेळ आहे. मीच शिकवलाय. पिवळं म्हणजे ऊन, आणि उन्हात मांजर…"

"शिकवलंस खरं, बाय. पर ह्या येळंला हितं कुणी आणलं त्यास्नी?"

"मी. नळावर न्यायला."

"आन तुला ह्याच येळंला कुणी आणलं?"

वेळापत्रकानं, हे उत्तर होतं. पण वेळापत्रक कुणी केलं, हा पुढचा प्रश्न राजेश्वरीला दिसत होता.

"मग हिरवा उघडा की!" कुंडलिकराव गरजले. "बघू त्याला काय करत्यात!"

चन्नवीरनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांचे डोळे 'नको' म्हणत होते. पण गिऱ्हाईक 'उघडा' म्हणालं आणि कापड उघडलं नाही, असं त्या दुकानात चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. अण्णांनी मान वळवली. चन्नवीरनं झटका दिला.

एकवीस पोपट! गादीभोवती, चौदा माणसांभोवती, मधल्या खांबाभोवती. आवाज तरीही नाही. नुसता वारा. चहाचे दोन कप उडाले, पंचांगाची पानं फडफडली, आणि शिवू गल्ल्याच्या कठड्यावर चढून अण्णांच्या कानाशी पंख हलवत उभा राहिला.

"बघा!" कुंडलिकराव म्हणाले. "आनंदानं उडाली लेकरं!"

"उडाली म्हंजे पळाली!" बजाबाई म्हणाल्या. "घर सोडून पळाली! असला रंग नवरीला?"

"मग लोळणारी सून चालतीय व्हय तुमाला?"

"तोंड सांभाळून बोला!"

"अण्णा," राजेश्वरी घाईघाईनं कुजबुजली, "आवाज एकही झाला नाही, हं. मुलांचा एकही नाही."

अण्णांनी शिवूचा एक पंख नाकापासून बाजूला केला. "साकु, टीचर. पुरे झालं. थांबवा ह्यांना."

थांबवणं सोपं होतं. लाल दाखवायचा! फक्त लाल ब्लाउजपीस वर, खोलीत, खिळ्याला. इथं जवळात जवळचा लाल म्हणजे चन्नवीरच्या शेजारच्या चळतीतला, खालून तिसरा. चळत अंकिताच्या खांद्याएवढी. राजेश्वरीनं हिशेब केला नाही. तिनं थेट गादीवर पाय ठेवला.

"चप्पल!" चौदा माणसं एका सुरात ओरडली. दोन तासांत दोन्हीकडच्यांचं ज्यावर एकमत झालं, अशी ही पहिली गोष्ट.

चप्पल काढण्याइतका वेळ नव्हता. राजेश्वरीनं खालून तिसरा लाल शालू धरला आणि ओढला. लाल आला. वरचे चौतीसही आले!

चन्नवीरच्या एकोणतीस वर्षांत त्याच्या हाताशिवाय एकही साडी उघडली नव्हती. आता चौतीस आपल्या आपण उघडल्या. डाळिंबी, मोरपंखी, लिंबू, केशरी, आमसुली, पोपटी, जरीच्या, बिनजरीच्या, एकमेकींच्या पदरात पाय अडकवत सगळ्या गादीभर पसरल्या. चन्नवीर भिंतीला टेकून बसला. त्याचे ओठ हलत होते. घड्या मोजत होता बहुतेक.

मुलांना तर काय करावं तेच कळेना! ज्याच्या पायाशी जो रंग, त्याचं ते. सहा जण लोळू लागले, पाच पोहू लागले, चार उडाले, तीन पुतळे झाले. उरलेले एका रंगावरून दुसऱ्यावर पाय पडेल तसे बदलत राहिले: दोन हात पोहणं, एक गिरकी लोळणं, मध्येच पुतळा, परत पोपट. नवरीच्या आत्याचा दोन वर्षांचा नातू बालवर्गात नव्हता; तोही पोहायला लागला. लाल शालू उंच धरून उभी असलेली राजेश्वरी सगळ्यांना दिसत होती, पण पायाखालचा रंग अधिक जवळचा होता. बजाबाई "ह्यो बघा पिवळा, ह्यो बघा पिवळा" म्हणत लोळणारी मुलं मोजत होत्या. कुंडलिकराव पोपट मोजत होते आणि एकाला दोनदा मोजत होते. बाहेर रिक्षा थांबल्या होत्या. शेजारचे भांडीवाले आत डोकावून विचारत होते, "काय स्कीम लागलीय का, अण्णा?"

आणि मग सगळं थांबलं.

त्या पसाऱ्यातून नवरीनं, अंकितानं, एक शालू ओढून काढला होता. चन्नवीरनं सकाळपासून न दाखवलेला, तळाचा. तिनं तो काही न बोलता खांद्यावर टाकला आणि उभी राहिली. पदर खाली सुटला. मुलांनी पाहिलं. पोपट उतरले, मासे थांबले, मांजरं उठून बसली. एकवीस मुलं त्या शालूकडं बघत जागच्या जागी उभी. कुणीही काहीही करेना.

कारण तो हिरवा नव्हता. निळाही नव्हता. डोळा जरा तिरका केला की हिरवा वाटायचा आणि धरायला गेलं की निळ्यात पळायचा.

मुलांतून साडेचार वर्षांची श्रावणी पुढं आली. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवायचे, त्यामुळं तिच्या घरात नुसते चार रंग चालत नसत. तिनं पदराचं टोक दोन बोटांत धरून पारखलं आणि त्या सकाळचा बालवर्गातला पहिला आवाज काढला.

"टीचर, हा रामा रंग आहे. रामाला काय करायचं?"

वेळ बारा वाजून चार मिनिटं.

"थांबली!" बजाबाई पुटपुटल्या. "सगळी थांबली लेकरं. ह्योच की काय मग?"

"थांबली म्हंजे नको म्हणत्यात," कुंडलिकराव म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. ते लेकीकडं बघत होते. लेकीच्या तोंडावर दहा वाजल्यापासून पहिल्यांदा काहीतरी आलं होतं.

"हिलाच विचारा की," बजाबाई राजेश्वरीकडं वळल्या. "टीचर, तुमीच बोला आता. रामाला काय करायचं?"

सगळं दुकान तिच्याकडं वळलं. केम वळलं, मोडनिंब वळलं, भांडीवाले वळले. ऋतुराजनंही फोन खिशात ठेवला. राजेश्वरीच्या एका हातात लाल शालू, पायात चप्पल, चपलेखाली अण्णांची गादी. तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी एक बोट वर केलं आणि ओठांवर ठेवलं. अर्थ सरळ होता: अजून आवाज झालेला नाही. अजून खोली आहे. नीट बोल!

पोहायचं म्हणावं तर निळा ठरतो, दोन्हीकडचे रुसतात. उडायचं म्हणावं तर हिरवा ठरतो, केम उठून गाडी पकडतं. लोळायचं तर विचारायलाच नको. पुतळा म्हणजे नकार. रामासाठी काहीतरी पाचवं पाहिजे होतं, आणि ते तिनं पाठात घेतलंच नव्हतं! अंकिता पदराच्या आतल्या बाजूनं शालू घट्ट धरून उभी होती, कुणी आता तो खांद्यावरून काढून घेईल तशी.

"आजी, हा कौल नाही, हं," राजेश्वरी म्हणाली. "आधीच सांगते. हा खेळच आहे."

"ते तुला वाटतं, बाय. तू सांग."

राजेश्वरीनं डोळे मिटले.

"रामाला," ती म्हणाली, "टाळ्या!"

एकवीस मुलांनी अडीच आठवडे वर्गात एक आवाज काढला नव्हता. सगळा साठलेला होता. त्या टाळ्या नवी पेठेत लोकांनी पार टोकापर्यंत ऐकल्या. वरच्या फळीवरचे टॉवेल खाली आले. बोळातलं कुत्रं उठून दुसऱ्या बोळात गेलं. आधी भांडीवाल्यांनी साथ दिली, मग नवरीच्या आत्यानं, मग खुद्द ऋतुराजनं, आणि तो थांबेचना!

"हिरव्यातलाच हाय की ह्यो," कुंडलिकराव डोळे पुसत म्हणाले.

"मग हिरव्यात पिवळा असतोयच की!" बजाबाई म्हणाल्या. "आं? असतोय का न्हाय, टीचर?"

"असतो, आजी. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो."

"बघा! शिकलेली बाई म्हणती! बांधा!"

शालू बांधला गेला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मंडळी गेली. मुलं नळावर जाऊन आली. तीन मुलांना नळाची गरज उरली नव्हती, त्यांना राजेश्वरीनं शांतपणे वर नेलं. मग ती चप्पल हातात घेऊन गल्ल्यापाशी येऊन उभी राहिली.

"आवाज झाला, टीचर," अण्णा म्हणाले.

"हो, अण्णा."

"तुमीच केलात."

"हो, अण्णा."

"गादीवर चप्पल बी आली."

"ती चप्पल नवीन होती, अण्णा."

अण्णांनी चन्नवीरकडं पाहिलं. चन्नवीर सोळाव्या शालूची घडी घालत होता. "शनवारी सांगतो," अण्णा म्हणाले.

गुरुवारी सव्वाअकराला दोन बायका दुकानात आल्या आणि साडी न बघता विचारलं, "ती पोरं कितीला उतरत्यात?" एक बस्ता दक्षिणेकडच्या तालुक्यातून खास आला. त्यांच्या म्होरक्या ईरम्मा म्हणाल्या, आम्हाला केमच्या बजाबाईंनी सांगितलंय. अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या निम्म्या उतरल्या.

राजेश्वरीनं सावधगिरी म्हणून मुलांची तोंडं भिंतीकडं करून, खेकड्यासारखी आडवी चालवत खाली आणली. पण ईरम्मांनी नेमका लाल शालू उघडायला लावला, आणि समोरच्या भिंतीवर आरसा होता. एकवीस पुतळे! ना पुढं, ना मागं. ईरम्मा लालशिवाय काही उघडू देईनात; हिरवं कापड दाखवेपर्यंत अकरा मिनिटं गेली. ईरम्मांना मुलगी लालमध्येच उभी करायची होती. "लेकरं दगड झाली की हो! असलं नको आमाला!" म्हणत अख्खा बस्ता उठून समोरच्या दुकानात गेला. आठ्या परत चढल्या.

"एक आला, एक गेला," चन्नवीरनं शुक्रवारी सकाळी राजेश्वरीला जिन्यात सांगितलं. "अण्णांचं ठरंना झालंय. काल रात्री नीट झोपले न्हाईत म्हणे. वहिनी सांगत होत्या, झोपेत म्हणतात, लाल दाखवू नका, लाल दाखवू नका."

"मग काय करू मी, चन्नवीर?"

"काय न्हाय. शनवारपर्यंत एक बी भानगड करू नका, बस."

राजेश्वरीनं मनावर घेतलं. त्या दिवशी तिनं मुलांना खाली उतरवलंच नाही; शू-पाण्याची सोय बादल्यांनी वरच केली. दिवसभर चिडीचूप. पालकांना दिलेले तीन आठवडे शनिवारी संपत होते, अकरा वाजता गुरुशांत आणि मंडळी परीक्षा घ्यायला येणार होती, आणि एकच रंग शिकवायचा राहिला होता. तो तिनं शुक्रवारी शिकवून टाकला. अगदी हळूच, जाड सतरंजीवर.

पांढरा. पांढरा म्हणजे ससा. दोन पाय जुळवून उड्या मारायच्या, आणि पांढरं जे काही दिसेल त्याच्या चहूबाजूंनी, ते दिसतंय तोवर!

फार छान जमलं मुलांना. इतका आवडता रंग आजवर झाला नव्हता.

शनिवारी सकाळी साडेदहाला गुरप्पा अण्णा निर्णय घेऊन जिना चढले. चन्नवीरच्या सांगण्याप्रमाणे पायरीला एकदाही थांबले नाहीत, म्हणजे पक्कं ठरलं होतं. अंगात पांढरा नेहरू शर्ट. पांढरं धोतर. डोक्याला पांढरी टोपी. कपाळावर पांढऱ्या भस्माचे तीन पट्टे.

राजेश्वरी फळ्यापाशी पाठमोरी होती. दार उघडल्याचा आवाज तिनं ऐकला.

"टीचर," अण्णा म्हणाले, "मी असं ठरवलंय की…"

ती वळली. मुलांनीही वळून पाहिलं. अण्णांनी मुलांकडं पाहिलं. आणि कुणीतरी, बहुधा शिवूनं, पाय जुळवले.

दार धाडकन लागलं. आतून की वाऱ्यानं, ते नक्की नाही.

अकरा वाजता पालक जिन्याखाली जमले. गुरुशांत सॉसची बाटली घेऊन आला होता. वरून छतातून धप, धप, धप असा आवाज येत होता आणि गादीवर बारीक बारीक माती पडत होती. गादीवर कोल्हापूरकडचा एक बस्ता बसला होता आणि वर बघत होता.

अकरा वाजून पाच मिनिटांनी चन्नवीर अर्ध्या जिन्यापर्यंत जाऊन कान लावून आला.

"काय चाललंय वर?" गुरुशांतनं विचारलं.

"उड्या."

"किती जणांच्या?"

चन्नवीरनं बोटांवर मोजून पुन्हा एकदा ताळा केला. "बावीस."

"टीचर धरून?"

"टीचर सोडून."

साड्यांच्या बाबतीत चन्नवीरची मोजणी आजवर चुकलेली नाही. माणसांच्या बाबतीत सांगता येत नाही. अण्णा अजून खाली आलेले नाहीत.